आमचा ओटा नक्की कशाचा आहे? ग्रॅनाइट म्हणून सांगितला, पण लिंबाने डाग पडले

मृदुला_प

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आम्ही कोथरूडला रीसेलचा टू बीएचके घेतला, बिल्डिंग १९९४ची आहे. घेताना एजंट आणि आधीचे मालक दोघंही म्हणाले किचनला ग्रॅनाइटचा ओटा आहे, मीही बघितलं तर काळाभोर, चकचकीत, हात फिरवला तर गुळगुळीत, त्यामुळे पुढे काही विचारलंच नाही.

परवा लोणच्यासाठी पन्नास लिंबं चिरली. फोडी करताना रस ओट्यावर गळत होता, म्हटलं सगळं आटपलं की एकदमच पुसू. दीड-दोन तासांनी ओल्या फडक्याने पुसलं तर जिथे जिथे रस होता तिथे पांढुरके चट्टे, आणि बोट फिरवलं की तेवढाच भाग खरबरीत लागतोय. भांड्याचा साबण, खायचा सोडा, गरम पाणी, सगळं करून झालं. तेलाचं बोट फिरवलं की चट्टा काळा होतो, साबणाने धुतलं की परत वर येतो. अक्षरशः रडू यायचं बाकी आहे, नवीन घर आणि पहिलंच लोणचं.

ग्रॅनाइटला असं होतं का? होत नसेल तर हा दगड कोणता ते घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि बदलायचाच झाला तर काय घालावं, कारण दुकानात गेले की क्वार्ट्झ, नॅनो, फुल बॉडी अशी इतकी नावं सांगतात की डोकं चालेनासं होतं.

खडकवासी

मृदुला, तेल लावलं की गायब आणि धुतलं की परत, एवढ्यावरूनच सांगतो की हा डाग नाहीये. डाग म्हणजे बाहेरचं काहीतरी दगडात शिरणं. इथे उलटं झालंय, दगडाचाच वरचा पॉलिशचा पापुद्रा लिंबाने खाल्लाय, म्हणून तो भाग खरबरीत आणि फिका दिसतो. हा बहुतेक पॉलिश केलेला कडप्पा आहे. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवायचो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

कडप्पा म्हणजे आंध्रातल्या कडप्पा भागातून येणारा काळा चुनखडक. शहाबादी, तांदूर आणि कोटा हे सगळे त्याचेच भाऊबंद, रंग वेगळे पण मूळ कॅल्शियम कार्बोनेटचं. संगमरवरही तेच, फक्त जमिनीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने त्याचे नव्याने स्फटिक झालेले असतात. या सगळ्यांना आंबट चालत नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर, कोकम, टोमॅटो, आंबट ताक यातलं काहीही पडून राहिलं की आम्ल कार्बोनेटला खातं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पॉलिश जातं. ग्रॅनाइट ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे, त्यात क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रक असतं आणि लिंबू त्याचं काही वाकडं करू शकत नाही.

घरी बघायचं तर ओट्याच्या खालच्या बाजूला, नाहीतर सिंकच्या मागे जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथे लिंबाचे दोन-तीन थेंब टाका आणि कान जवळ नेऊन भिंग असेल तर भिंगातून बघा, बारीक बुडबुडे आले की चुनखडक नक्की. दुसरं, तिथेच स्टीलच्या सुरीच्या टोकाने जरा जोर लावून रेघ ओढा. चुनखडकाची कठिणता मोह्सच्या मापावर ३च्या आसपास, सुरीची साधारण साडेपाच, ग्रॅनाइटमधल्या खनिजांची ६ ते ७. म्हणजे कडप्प्यावर पांढरी चर पडेल, पुसली तरी जाणार नाही. ग्रॅनाइटवर उलट सुरीचंच लोखंड घासून राखाडी रेघ उमटेल आणि ती पुसली की जाईल. तिसरं, टॉर्च आडवा धरून दगडाकडे अगदी जवळून बघा. ग्रॅनाइटमध्ये दाणे वेगवेगळे दिसतात, काही चमकतात. कडप्पा एकसारखा काळा, मधेच पांढऱ्या बारीक शिरा, आणि कडेला बघितलं तर थरावर थर.

निशिगंध

खडकवासी काकांशी सहमत, पण एक अजून शक्यता आहे म्हणून लिहिते. आमच्याकडे २०१७ला "जेट ब्लॅक" म्हणून ग्रॅनाइट घेतलं, सहा महिन्यांत गॅसच्या आजूबाजूला करडं पडायला लागलं. मग दुसऱ्या एका मिस्त्रीने दाखवलं, पांढऱ्या कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन घासलं तर कापूस काळा! म्हणजे मुळात राखाडी दगड, त्याला काळा रंग आणि वॅक्स मारून विकलेला. दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणाला तुम्ही साबण चुकीचा वापरता. तर मृदुला, तू कापसाची टेस्टही कर, आणि नवीन घेताना तर दुकानातच कर, पर्समध्ये रिमूव्हरची छोटी बाटली टाकून जा. ज्याचा माल खरा आहे तो आनंदाने करू देतो.

आगळ_सिंधुदुर्ग

आमच्या मालवणच्या घरातला ओटा कडप्प्याचा, आजोबांनी घातलेला, पन्नास वर्षं झाली असतील. त्यावर आजवर किती कोकमं फोडली, किती माशांना आगळ-मीठ लावलं त्याला गणतीच नाही, त्यामुळे तो चकचकीत वगैरे कधीच नव्हता, एकसारखा मंद काळा. आजी दर शनिवारी ओटा घासून धुवायची आणि वाळला की खोबरेल तेलाचा बोळा फिरवायची. त्यामुळे तो बघायला कायम तुकतुकीत.

सांगायचं कारण, कडप्पा निघाला म्हणून लगेच फोडू नका. पॉलिशचा कडप्पा आंबटाने बिघडतो हे खरं, पण बिनपॉलिशचा कडप्पा दोन पिढ्या आरामात जातो. आमच्याकडे एवढंच झालं की सिंकपाशी जिथे कायम ओल असते तिथे पापुद्रे सुटले.

मृदुला_प

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळीच तिन्ही टेस्ट केल्या, सिलिंडरच्या वरची कड निवडली कारण ती दिसत नाही.

लिंबू: बुडबुडे आले, मुलीने भिंगातून दाखवले, तिला फार मजा वाटली. सुरी: पांढरी चर पडली आणि तशीच राहिली. कापूस: अगदी किंचित काळपट-तेलकट झाला, रंग उतरला असं नाही म्हणता येणार. आणि कडेला खाली वाकून बघितलं तर खरंच वहीच्या पानांसारखे थर दिसतात. म्हणजे कडप्पाच.

पंचवीस-तीस वर्षं त्या बाईंनी याच्यावर स्वयंपाक केला आणि इतका छान ठेवला होता, हे मात्र मला आत्ता कळतंय. चूक ओट्याची नाही. पण ग्रॅनाइट सांगून विकला याचं वाईट वाटतं.

आता पुढचं. आमच्याकडे लिंबू, चिंच, आमसूल रोज, सासूबाईंना ओट्यावरच पोळ्या लाटायची सवय, आणि भाकरीचा तवा उतरवून सरळ ओट्यावर ठेवतो. असं सगळं सहन करेल असं काय?

न्यूजर्सीकर_मंदार

तवा सरळ ओट्यावर ठेवत असाल तर क्वार्ट्झ घेऊ नका, प्लीज. आमच्याकडे २०१९मध्ये किचन नवं केलं, पांढरं क्वार्ट्झ, वर फिक्या राखाडी शिरा, सगळे येणारे-जाणारे कौतुक करायचे. दिवाळीत चकल्या तळून झाल्यावर लोखंडी कढई गॅसवरून उतरवून दोन मिनिटांसाठी ओट्यावर ठेवली. उचलली तर खाली पिवळसर तपकिरी गोल वर्तुळ, आणि त्याच्या मधोमध हात लावला तर पृष्ठभाग जरा उचललेला. कंपनीला फोटो पाठवले तर उत्तर आलं की उष्णतेने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. ते वर्तुळ अजून आहे, त्यावर आम्ही फळांची टोपली ठेवतो.

दुकानात हे सांगतच नाहीत की क्वार्ट्झ म्हणून जे विकतात तो खाणीतून काढलेला अखंड दगड नाही. क्वार्ट्झची भुकटी आणि बारीक खडी, वजनाने ९० टक्क्यांच्या वर, आणि बाकीचं रेझिन म्हणजे प्लास्टिकसारखंच बांधणारं द्रव्य, ते सगळं व्हॅक्यूममध्ये हलवत-दाबत भाजून पाट्या बनवतात. इटलीतल्या ब्रेटॉन कंपनीने हे तंत्र काढलं. दगड तापला तरी काही होत नाही, ते रेझिन दीडशे डिग्रीच्या आसपास खराब व्हायला लागतं, आणि गॅसवरून उतरवलेली कढई त्याहून कितीतरी जास्त गरम असते. उन्हातही ते पिवळं पडतं म्हणून बाल्कनीत, गच्चीवर घालायचं नाही.

बाकी गुण आहेत, लिंबाने काही होत नाही, पाणी शोषत नाही, सीलर मारावा लागत नाही. हळदीचा डाग पडतो, पण लगेच पुसला तर जातो, राहिलाच तर खिडकीच्या उन्हाने आपोआप फिका होतो कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

खडकवासी

मंदार, छान लिहिलंत. त्यात एकच भर: क्वार्ट्झ आणि क्वार्ट्झाइट ही दोन नावं दुकानात सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. क्वार्ट्झाइट हा निसर्गात तयार झालेला दगड आहे, वाळूचा खडक भाजून-दाबून झालेला, ग्रॅनाइटपेक्षाही कठीण. आणि क्वार्ट्झाइट म्हणून कधीकधी डोलोमाइटचा संगमरवर गळ्यात मारतात. काचेचा तुकडा घेऊन जा, दगडाच्या तुटक्या कोपऱ्याने काचेवर ओरखडा काढा. खरा क्वार्ट्झाइट काचेला खोल चिरतो, संगमरवर काचेवरून नुसता घसरतो.

आणि "ग्रॅनाइट" हे बाजारातलं नाव आहे हेही लक्षात ठेवा. ब्लॅक गॅलेक्सी, आंध्रात चिमाकुर्तीला मिळतो तो सोनेरी ठिपक्यांचा काळा दगड, तो आमच्या भाषेत ग्रॅनाइट नाहीच, गॅब्रो नावाच्या वेगळ्या काळसर खडकाच्या कुळातला आहे आणि ते ठिपके ब्रॉन्झाइट नावाच्या खनिजाचे. निखळ काळे जे दगड येतात ते बहुतेक डोलेराइट किंवा गॅब्रो. वापराच्या दृष्टीने हे ग्रॅनाइटइतकेच चांगले, उलट जास्त घट्ट, पाणी कमी पितात.

आपल्याकडे महाराष्ट्रात पायाखाली सगळीकडे दगड असून ओट्याचा दगड मात्र तेलंगण, आंध्र, कर्नाटक, राजस्थानातून येतो, असं का, असं मुलं वर्गात नेहमी विचारायची. आपला बहुतेक भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, बेसाल्टचा. तो टणक आहे, पाटा-वरवंटा आणि जातं त्याचंच, पण थंड होताना त्याला इतक्या भेगा पडल्यात की आठ-दहा फुटी अखंड पाटी कापायला मोठा ठोकळाच सहसा मिळत नाही.

मेलबर्नची_अनघा

क्वार्ट्झबद्दल एक गोष्ट लिहायलाच हवी, माझ्यासाठी ती उष्णतेपेक्षा मोठी आहे. इथे ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४पासून इंजिनिअर्ड स्टोनवर, म्हणजे याच क्वार्ट्झवर, बंदी आहे. बनवायचं नाही, विकायचं नाही, कापायचं नाही, बसवायचं नाही. असं करणारा हा जगातला पहिला देश. कारण घरातल्या माणसांना धोका आहे असं नाही, बसवलेल्या ओट्यापासून काहीही होत नाही. धोका कापणाऱ्याला आहे. कोरडं कापलं की सिलिकाची इतकी बारीक धूळ उडते की डोळ्याला दिसतही नाही, ती फुफ्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो, त्यावर बरा करणारा उपाय नाही. इथे तिशी-पस्तिशीतल्या मुलांना झाला. क्वार्ट्झमध्ये सिलिका ९० टक्क्यांच्या आसपास, ग्रॅनाइटमध्ये त्याच्या निम्मी किंवा कमी, संगमरवरात अगदीच थोडी.

आमचं किचन बंदीनंतरच झालं, आम्ही पोर्सेलीन स्लॅब घातला, त्याच्यावर बंदी नाही. पण ओटा ग्रॅनाइटचा असो की कशाचा, तुमच्या घरात कटर फिरवणार असतील तर पाणी मारून कापायला सांगा आणि त्यांना नुसता रुमाल बांधू देऊ नका.

मिस्त्री_मिरज

अनघाताईंनी लिहिलं ते वाचून बरं वाटलं, आमच्याबद्दल सहसा कोणी विचार करत नाही. मी २२ वर्षं ग्रॅनाइट आणि कडप्प्याचं काम करतोय. माझ्याबरोबर शिकलेला एक जण, मशिनवर बसायचा, चाळिशीच्या आत दम लागायला लागला, आता जिना चढत नाही. आम्ही सुरुवातीला तोंडाला टॉवेल बांधून कोरडंच कापायचो, काम लवकर होतं म्हणून. आता मी पोरांना कोरडं कापू देत नाही, एकजण बाटलीने ब्लेडवर पाण्याची धार धरतो, आणि फिल्टरवाला मास्क, कापडी नाही. घरमालक म्हणतात चिखल होतो. होऊ दे ताई, चिखल पुसता येतो. जमेल तेवढं कटिंग दुकानात किंवा खाली पार्किंगमध्ये करून घ्यायचं, घरात फक्त बसवायचं.

आता मृदुलाताई तुमच्या कामाचं सांगतो. लिंबू, चिंच, गरम तवा, वर पोळ्या लाटणं, या सगळ्याला काळं किंवा गडद ग्रॅनाइटच. पांढरं ग्रॅनाइट पाणी आणि तेल पितं, गॅसच्या बाजूला वर्षभरात काळपट होतं. घ्यायच्या आधी पाठीमागून नाही, पुढून स्लॅबवर पाण्याचे चार थेंब टाका आणि चहा पिऊन या. थेंबाखाली दगड काळा पडला असेल तर तो दगड तेलही पिणार.

स्लॅब बघायला जाल तेव्हा पाण्याची बादली मागा आणि पूर्ण स्लॅब ओला करून थांबा. वाळायला लागला की सगळीकडे कोरडं होतं आणि एखादी ओली रेघ मागे राहते, ती भेग. नुसत्या डोळ्याने ती दिसत नाही, पॉलिशमध्ये बुजलेली असते. मग पाठ बघा. पाठीला जाळी चिकटवलेली असली तर दगड मुळात कमजोर आहे असं समजायचं, काही चांगल्या महागड्या दगडांनाही जाळी लावतात पण साध्या काळ्याला लागायला नको. नाण्याने ठोका, ठण्ण वाजला पाहिजे, बद्द वाजला तर सोडून द्या. जाडी चारी बाजूंनी मोजा, १८ मिमी सांगून १५-१६चं देतात. आणि एकाच लॉटचे नंबर बघून घ्या, नाहीतर दोन तुकडे शेजारी आले की रंग वेगळा.

निशिगंध

मिस्त्रीकाका, ही ओल्या रेघेची गोष्ट मला सात वर्षांपूर्वी कळली असती तर! आमच्या सिंकच्या पुढच्या पट्टीला बरोबर अशीच भेग गेलीये. ती आता भरता येते का?

मिस्त्री_मिरज

भरता येते. भेग कोरडी करून, हेअर ड्रायर दहा मिनिटं मारून, पातळ इपॉक्सी सोडायचं, दगडाच्या रंगाचं पिगमेंट मिसळून, मग वरून ब्लेडने खरवडून पॉलिश. पण ती भेग मुळात का पडली ते बघा. सिंकच्या पुढे दगड फक्त दोन-अडीच इंच राहतो आणि बाई तिथेच टेकून भांडी घासते, सगळा भार तिथे. त्या पट्टीखाली अँगल किंवा कडप्प्याची उभी पट्टी नसली तर ती तुटणारच. दुसरी चूक कटिंगची. चौकोनी भोक पाडताना कटर सरळ कोपऱ्यापर्यंत नेला की कोपऱ्यात चीर जाते आणि पुढे वाढते. आधी चारी कोपऱ्यांना ड्रिलने गोल भोकं पाडायची आणि मग भोकापासून भोकापर्यंत कटर चालवायचा, म्हणजे कोपरा गोल राहतो.

शंतनू_नगर

गुजरातेतल्या मोरबीच्या फुल बॉडी स्लॅबबद्दल, म्हणजे टाइलसारख्या भाजून बनवलेल्या मोठ्या पाटीबद्दल, कोणी लिहिलं नाही. आम्ही मागच्या वर्षी घातला, १५ मिमी जाड, आठ फूट लांब आणि सव्वादोन-अडीच फूट रुंद येतो, त्यामुळे सरळ ओट्याला जोड येत नाही. चटका चालतो, आंबट चालतं, पाणी अजिबात पीत नाही, रंग हवा तो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, फुल बॉडी म्हणजे रंग आरपार असला पाहिजे, कड कापलेली बघा, वर मार्बलची शीर आणि आत नुसता पांढरा भाग असेल तर ती वरची छपाई आहे, कडेचं मोल्डिंग केलं की आतला रंग उघडा पडणार. दोन, कडेला जड पातेलं आपटलं तर टवका उडतो. आमचा एक उडालाय, खलबत्त्याने.

नॅनो व्हाइट मात्र आमच्या आर्किटेक्टनेच नको सांगितलं, ते मुळात काचेच्या जातीचं, पांढरंशुभ्र दिसतं पण गॅसशेजारी तडकतं आणि ओरखडे लगेच दिसतात.

कुंदामावशी

मी पंचाहत्तरीची आहे, नातीने इथे खातं काढून दिलं. माझ्या आयुष्यात चार ओटे झाले. पहिला चुलीशेजारचा मातीचा, रोज सारवायचा. दुसरा शहाबादीचा, तिसरा कडप्प्याचा आणि आताचा ग्रॅनाइटचा. मृदुला, दगड कोणताही घाल पण उंची आधी ठरव. माझा कडप्प्याचा ओटा गवंड्याने त्याच्या मापाने केला, तीस इंच. मी पाच फूट पाच. पंचवीस वर्षं वाकून कणीक मळली आणि आता पाठ सरळ होत नाही. ओट्यासमोर उभं राहायचं, कोपर दुमडायचं, आणि कोपराच्या चार बोटं खाली ओटा यायला हवा. जी बाई किंवा जो बाप्या रोज स्वयंपाक करणार त्याचं माप घ्यायचं.

मृदुला_प

कुंदामावशी, तुमचं वाचून लगेच टेप घेऊन मोजलं. आमचा ओटा साडेतीस इंच आहे! मी पाच सहा. गेला महिनाभर खांदे का भरून येतात ते आता कळलं.

मिस्त्रीदादा, मग एक विचारू का, कडप्पा न फोडता त्याच्यावरच ग्रॅनाइट बसवता येईल का? खालचे उभे कडप्पे आणि मांडणी चांगली मजबूत आहे, आणि फोडाफोडीला सोसायटी पण कुरकुर करते.

मिस्त्री_मिरज

येतं, आणि तुमच्या केसमध्ये तेच बरं. उंचीही मिळेल. आधी लाकडी मुठीने पूर्ण कडप्पा वाजवून बघा, जिथे बद्द वाजेल तिथे पापुद्रा सुटलाय, तो खरवडून काढायचा, विशेषतः सिंकच्या कडेला. मग सोडा टाकून गरम पाण्याने तेल पूर्ण काढायचं, इतक्या वर्षांचं तेल दगडात आहे, ते राहिलं तर वरचं काही धरणार नाही. मग पॉलिश घालवायला टाचे मारायचे, पण छिन्नीने नको, कडप्पा थरांचा असतो, फुटेल. ग्राइंडरने पाणी मारत उभ्या-आडव्या हलक्या चरी. त्यावर टाइलचं ॲडहेझिव्ह, साधं सिमेंट नको.

१८ मिमीचा दगड आणि ४-५ मिमी ॲडहेझिव्ह म्हणजे उंची पाऊण-एक इंच वाढली. अजून हवी तर मध्ये मालाचा थर देऊन दोन-अडीच इंच वाढवता येते, पण मग मागच्या टाइलची खालची ओळ झाकली जाते ते बघून घ्या. वजनाचं म्हणाल तर १८ मिमी ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण साडेचार किलो, आठ बाय दोनच्या ओट्याला सत्तर-बहात्तर किलो, उभे कडप्पे ठीक असतील तर आरामात पेलतात.

दोन गोष्टी मिस्त्रीकडून आठवणीने करून घ्या. ओट्याला सिंककडे बारीक ढाळ, लेव्हलचा बुडबुडा जेमतेम सरकेल एवढाच. आणि ग्रॅनाइटच्या खालच्या बाजूने, कडेपासून बोटभर आत, लांबीभर कटरने एक खाच. वरून ओघळलेलं पाणी त्या खाचेपाशी थबकून खाली पडतं, नाहीतर ते दगडाला चिकटून आत जातं आणि ट्रॉल्या कुजवतं. पंधरा मिनिटांचं काम आहे पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही. पाइप गॅस असेल तर लाइनला आपण हात लावायचा नाही, कंपनीचा माणूस बोलवायचा.

आगळ_सिंधुदुर्ग

मिस्त्रीदादांचं ऐकून आमच्याही सिंकपाशी काय करता येईल ते कळलं. आमचं घर तसंच ठेवायचंय, ग्रॅनाइट नको, फक्त सुटलेले पापुद्रे काढून परत घोटून घेता येईल ना?

मिस्त्री_मिरज

हो. पाणी लावून पॉलिश पेपर १२०, २२०, ४००, ६०० असा चढत न्यायचा, त्याच्यापुढे नको, स्वयंपाकघरात चकाकी टिकत नाही. पूर्ण वाळला की जवसाचं तेल अगदी पातळ, उरलेलं पुसून घ्यायचं. जवस वाळून बसतं, खोबरेल ओलं राहतं आणि धूळ धरतं. पण आजीने पन्नास वर्षं खोबरेल लावलंय तर तेच चालू ठेवलं तरी दगडाला त्रास नाही. बाथरूमचं ॲसिड मात्र कडप्प्याच्या जवळपासही नको. आणि गंज काढायची जी द्रव्यं मिळतात त्यातल्या काहींनी तर ग्रॅनाइटचंही पॉलिश जातं.

मृदुला_प

अपडेट देते, ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना कळायला हवं.

काळंच घेतलं, बारीक दाण्याचं. चार दुकानं फिरलो. पहिल्याने कापूस-रिमूव्हरची टेस्ट करू दिली नाही, तिथूनच निघालो. दुसऱ्याकडे कापूस काळा झाला. तिसऱ्याकडे स्लॅब ओला केला आणि वाळताना खरंच एक केसासारखी ओली रेघ एका कोपऱ्यापासून मधोमध गेलेली दिसली, दुकानातला मुलगाही चकित झाला. चौथ्याने स्वतःच बादली आणली, म्हणाला तुम्हाला कोणीतरी नीट शिकवलंय. जाडी चारी बाजूंना १८. पाण्याचे थेंब वीस मिनिटं ठेवले, खाली काही नाही.

कटिंग सगळं त्यांच्या शेडमध्ये पाण्यावर झालं. घरी फक्त नळाच्या भोकासाठी मशीन लावलं तेव्हा मी स्वतः पाणी धरलं आणि त्या दोघा मुलांना चांगले मास्क आणून दिले, त्यातला एक म्हणाला पाच वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी दिला. अनघा, हे तुझ्यामुळे. खाच करून घेतली, कोपऱ्यांना आधी भोकं पाडली, सिंकच्या पट्टीखाली स्टीलचा अँगल. मालाचा थर देऊन ओटा आता साडेतेहेतीस इंच झालाय. सासूबाई माझ्यापेक्षा चार इंच बुटक्या, त्यांना लाटायला उंच पडतो, म्हणून खिडकीखालचा दोन फुटांचा भाग जुन्या उंचीवरच ठेवला, तिथे कडप्पाच आहे, पॉलिश घालवून ६००पर्यंत घोटलेला. लिंबू तिकडे न्यायचं नाही एवढंच ठरलंय.

मिस्त्रीदादा, सिंकसाठी कापून निघालेला तुकडा मुलं टाकून देत होती, मी ठेवून घेतला. साधारण १८ बाय २० इंच आहे, कडा धारदार आहेत. त्याचं शंकरपाळी लाटायला काही करता येईल का?

मिस्त्री_मिरज

तेच करायचं ताई. कुठल्याही ग्रॅनाइटवाल्याकडे नेऊन चारी कडा हाफ राउंड करून घ्या, कोपरे गोल, आणि खाली चार रबराचे बूच चिकटवा म्हणजे सरकणार नाही. थंड असतो, पीठ चिकटत नाही. माझ्या घरी असाच आहे, पहिल्या कामातला.